क्रूझचं ठरलंय, पण ग्रुपवर एकजण गप्प आहे

पत्र थोडक्यात असं आहे (ओळख पटू नये म्हणून तपशील इकडेतिकडे केलेत). पुण्यात नोकरी करणारी २४ वर्षांची मुलगी लिहिते की कॉलेजपासूनचा सहा जणांचा ग्रुप आहे, चार मुली दोन मुलगे. सगळे आता कमवायला लागलेत म्हणून जानेवारीत मुंबईहून क्रूझ करायची टूम निघालीये, आधी कुणीच गेलेलं नाही. दोघींना बाल्कनीचीच रूम हवी, एकदाच जातोय तर नीट जाऊ म्हणून. एक मित्र मात्र पैसे भरायचा विषय निघाल्यापासून ग्रुपवर गप्प आहे, मेसेज बघतो, उत्तर नाही. हिच्या मनात आहे की त्याचे निम्मे पैसे आपण गुपचूप भरावेत आणि सगळ्यांना डिस्काउंट मिळाला म्हणून सांगावं. त्यात हिला गाडी लागते, ताम्हिणी घाटात हमखास. पोहता येत नाही. आईचं म्हणणं, भर समुद्रात काही झालं तर कुणाला हाक मारणार. शेवटी विचारते, "ताई, जावं का? आणि एकदा पैसे भरले की सगळं त्यातच असतं ना, म्हणजे मग टेन्शन नाही ना?"

अगं, हे शेवटचं वाक्य आधी घेते, कारण तुझा अर्धा गुंता तिथेच आहे. नाही, सगळं त्यात नसतं. साधारणपणे तिकिटात रूम, मेन रेस्टॉरंटमधलं आणि बुफेतलं जेवण, पूल, बरेचसे शो एवढं येतं. दारू, स्पेशल रेस्टॉरंट, स्पा, वायफाय, त्यांच्या फोटोग्राफरने काढलेले फोटो, बंदरावर उतरून करायची टूर, हे सगळं वेगळं. आणि त्याच्याही आधी, जाहिरातीत जो मोठ्या अक्षरातला आकडा असतो ना, तो एका माणसाचा आणि तोही एका रूममध्ये दोघं धरून असतो, खाली बारीक अक्षरात पोर्ट चार्जेस, सर्व्हिस चार्ज म्हणजे टिपा, आणि जीएसटी. त्यामुळे एजंटला किंवा कंपनीला फोन करून एकच प्रश्न विचारायचा, "सहा जणांचे मिळून माझ्या अकाउंटमधून एकूण किती जाणार?" ते सुरुवातीला माणशी सांगतील, परत एकूण विचार, आणि तो आकडा मेलवर मागून घे.

आता तुझा मित्र. तू धरूनच चाललीयेस की त्याच्याकडे पैसे नाहीत. असेलही तसं. पण त्याला रजा मिळत नसेल, घरी बहिणीचं काही ठरत असेल, पाण्याची भीती असेल आणि ती चार मुलींसमोर बोलायची लाज वाटत असेल, काहीही असू शकतं ना. आणि पैशाचंच असलं तरी मला वाटतं तो तिकिटाला घाबरला नसून वरच्या खर्चाला घाबरलाय. तिकीट एकदा कसंबसं निघतं गं, पण बोटीवर गेल्यावर पाच जण म्हणणार चला तिकडच्या रेस्टॉरंटला जाऊ, चला एकेक ड्रिंक घेऊ, चला मसाज, आणि दर वेळी हा बिचारा पोट भरलंय म्हणून सांगणार. तू गुपचूप निम्मं तिकीट भरलंस तरी बोटीवरचा हा खर्च तू कसा भरणार आहेस? शिवाय ते लपत नाही. बुकिंगचे कागद निघतात, कॅन्सल झालं तर रिफंड येतो, मग कोणी किती भरले ते उघडं पडतंच. त्याला मग मदत मिळाली असं वाटणार नाही, आपल्याबद्दल मागे चर्चा झाली असंच वाटणार. आणि डिस्काउंटची थाप उरलेल्या चौघांनाही आवडायची नाही.

म्हणून गुपचूप काही करू नकोस. त्याला फोन कर, मेसेज नको, ग्रुपवर तर अजिबातच नको. सांग की सगळं धरून एवढे होतायत, वर अंदाजे एवढे लागतील, तुला किती जमेल ते सांग त्यावरून ट्रिप ठरवू, आणि या खेपेला नको असेल तर तेही सरळ सांग, कुणी काही म्हणणार नाही. यातला शेवटचा भाग विसरू नकोस, सुटायला वाट ठेवली की माणूस खरं बोलतो. तुला द्यायचेच असतील पैसे तर उघडपणे उसने दे आणि परत कधी ते दोघांनी ठरवा.

तो पाचजणांच्या ऐपतीत बसत नाही म्हणून त्याला सोडून जायचं की त्याच्या ऐपतीत सगळ्यांनी बसायचं, हे तुम्ही ठरवा, मी कोण सांगणार. पण मधली वाट आहे. चार रात्रींच्या लक्षद्वीपऐवजी दोन रात्रींची गोवा ट्रिप. चार मुली एका रूममध्ये, दोघं मुलगे एकात, कारण तिसऱ्या-चौथ्या माणसाचं भाडं सहसा कमी असतं. त्यात तुम्हाला हे माहीत असू दे की वरचे दोन बेड भिंतीतून नाहीतर छतातून खाली काढलेले बंक असतात, रेल्वेच्या अप्पर बर्थचा जरा गुबगुबीत भाऊ, आणि बाथरूम एकच, इतकं लहान की एकीने केस धुवायला घेतले की तिघींनी बाहेर थांबायचं. बंकवर कोण हे चिठ्ठ्या टाकून घरीच ठरवा. दारूचं पॅकेज घ्यायचं झालं तर अटी वाचा, काही कंपन्यांचा नियम असतो की रूममधल्या एकाने घेतलं तर त्याच रूममधल्या सगळ्या मोठ्या माणसांनी घ्यायचं, म्हणजे न पिणारीच्या डोक्यावर फुकटचा भुर्दंड. वयाची अटही बघून घ्या, तुम्ही सगळे बावीस ते पंचवीसच्या मधले, महाराष्ट्रात तर कडक दारूला २५ पूर्ण लागतात, बोटीवर कंपनी कुठला नियम लावते ते आधीच विचारलेलं बरं.

बाल्कनीचं म्हणशील तर मला त्या दोघींचं पटत नाही, आणि नुसत्या पैशासाठी म्हणत नाहीये. मुंबईहून २०२१ च्या सप्टेंबरपासून जे एम्प्रेस जहाज जायला लागलं, कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं, ते बांधलेलं १९९० सालचं, आधी रॉयल कॅरिबियनकडे होतं. त्या काळच्या जहाजांवर बाल्कनीच्या रूम मुळात थोड्या, त्यामुळे महाग. आणि दोन रात्रींच्या ट्रिपमध्ये तुम्ही रूममध्ये असणार किती? झोपायला आणि कपडे बदलायला. समुद्र बघायला वरचा अख्खा डेक आहे, तिथे फुकट आहे, वाराही जास्त.

शिवाय तुझी गाडी लागायची भानगड. सगळ्यात स्वस्त जी रूम असते, आतली, खिडकी नसलेली, खालच्या मजल्यावरची, ती जर जहाजाच्या मध्यावर मिळाली तर तिथेच हलणं सगळ्यात कमी जाणवतं. जहाज पुढे-मागे झुलतं ते टोकांना आणि वरच्या मजल्यांवर जास्त, मधे आणि खाली कमी. म्हणजे तुझ्यासाठी चांगली रूम आणि मित्राच्या खिशासाठी चांगली रूम एकच निघाली बघ. बुकिंग करताना नुसतं इनसाइड म्हणू नकोस, लोअर डेक, मिडशिप असं स्पष्ट सांग आणि रूम नंबर जहाजाच्या नकाशावर बघून घे, डोक्यावर डिस्को नाही ना तेही बघ. फक्त एक, आतल्या रूममध्ये दिवा बंद केला की हात डोळ्यासमोर धरला तरी दिसत नाही, सकाळ झालेली कळत नाही, त्यामुळे गजर लावून झोपा.

आता ताम्हिणीत लागते म्हणजे बोटीतही लागेलच असं काही नाही, घाटातली वळणं वेगळी आणि मोठ्या जहाजाचं संथ डुलणं वेगळं. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखी पाती असतात ती डुलणं बरंच मारतात, आणि जानेवारीत आपल्या बाजूचा समुद्र तसा शांत असतो, पावसाळ्यात तो खवळतो तेव्हा ही जहाजं इथून हलवतातच. पण पैसे भरायच्या आधी खात्री करायची असेल तर एक स्वस्तातला उपाय आहे, भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते, २०२० पासून सुरू आहे, तासाभराचा प्रवास. एका रविवारी सहाही जण जाऊन या. तुला लागते का कळेल, ग्रुप म्हणून एकत्र फिरताना कोण किती वैताग देतं तेही कळेल, आणि त्या मित्राशी बोलायला निवांत वेळ मिळेल. लहान बोट जास्त हलते, तिथे निभावलंस तर मोठ्या जहाजाची काळजी थोडी कमी होईल.

गोळी घ्यायची तर अ‍ॅव्होमिनसारखी गोळी मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते, सुरू झाल्यावर पोटात राहत नाही. डॉक्टरांना विचारून घे, तिने झोप येते, आणि गोळी घेऊन वर दारू बिलकूल नाही, हे तुमच्या ग्रुपमधल्या सगळ्यांना सांगून ठेव. उपाशी राहू नकोस, लोकांना वाटतं रिकामं पोट बरं, उलट त्याने जास्त ढवळतं. ब्रेड, बटाटा, सफरचंद असलं साधं खा, आलेपाकाच्या वड्या खिशात ठेव. मोबाइलमध्ये डोकं घालून बसू नकोस, डेकवर जाऊन जिथे पाणी आणि आकाश मिळतं तिथे नजर लाव, फरक पडतो.

मोबाइलवरून आठवलं, हे तुम्हा मंडळींना सगळ्यात जड जाणार. किनारा मागे पडला की रेंज जाते. व्हॉट्सअ‍ॅप नाही, जीपे नाही. त्यानंतर फोन जर जहाजाचं स्वतःचं नेटवर्क पकडून बसला तर बिल असं येतं की डोळे पांढरे होतील, म्हणून रेंज तुटायच्या आधीच सगळ्यांनी फ्लाइट मोड टाकायचा. बुकिंगचे कागद, आधार, सगळ्याचे स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा. आणि मग सहा जणांनी एकमेकांना शोधायचं कसं? अकरा मजल्यांचं जहाज आहे, पहिल्या दिवशी तर आपली रूम शोधण्यातच दमछाक होते, दोन्ही बाजूंनी सारखेच दरवाजे. मी बघितलेला सगळ्यात चांगला जुगाड म्हणजे पिवळ्या चिठ्ठ्या. आमच्या मजल्यावर एका कॉलेजच्या पोरांनी दाराच्या आतल्या बाजूला चिठ्ठ्यांची रांग लावलेली, "पूल, ५ पर्यंत", "झोपलोय उठवू नये", "रश्मीकडे माझा चार्जर आहे". अगदी झकास चालायचं त्यांचं. रूमच्या भिंती बहुतेक जहाजांवर लोखंडी असतात, त्यामुळे चुंबकाचे हुक नेले तर ओले कपडे, टोप्या, कार्डं सगळं लटकवता येतं, त्या एवढ्याशा खोलीत त्याचा फार आधार.

पण खरी गोष्ट चिठ्ठ्यांची नाही. तुझ्या पत्रात "आम्ही सगळे सगळीकडे एकत्र" असं तीनदा आलंय. कशाला? सहा जणांनी प्रत्येक गोष्ट एकत्र करायची म्हणजे सगळ्यात उशिरा उठणाऱ्याच्या वेळेने आणि सगळ्यात जास्त खर्च करणाऱ्याच्या मर्जीने चालायचं. जहाज ही एकमेकांना न दुखवता वेगळं व्हायची उत्तम जागा आहे, कुणी पूलमध्ये, कुणी शोला, कुणी डेकवर नुसतं बसलंय. रात्रीचं जेवण एकत्र, वेळ आणि जागा पक्की, बाकी ज्याने त्याने. असं ठरवलंत तर त्या मित्रालाही दर तासाला पैशाची परीक्षा द्यावी लागत नाही. एकत्र राहायचा नियम फक्त रात्री उशिरा लावा, पिऊन कुणी एकटं रूमकडे किंवा डेकवर जायचं नाही, कठड्यावर बसून फोटो नाही, आणि नव्या ओळखीच्या माणसाच्या रूममध्ये पार्टीला जायचं झालं तर रूम नंबर आपल्या माणसाला सांगून जायचं. हे मुलांनाही लागू, नुसतं मुलींना नाही.

बोटीवर रोख पैसे चालत नाहीत, एक कार्ड देतात तेच रूमची किल्ली आणि तेच पाकीट. सहा जणांची कार्डं एकाच्या क्रेडिट कार्डाला जोडू नका, नंतर हिशोब करू म्हणतात आणि मैत्री तिथे बुडते. ज्याचं त्याचं वेगळं. शेवटच्या रात्रीच रिसेप्शनवर जाऊन आपापलं बिल तपासा, सकाळी तिथे ही रांग असते.

गोव्याबद्दल तुमच्या डोक्यात बागा-कलंगुट आहे हे मी न विचारता सांगते. जहाज लागतं मुरगावला, वास्कोच्या बाजूला, आणि बागा तिथून चाळीसेक किलोमीटर, झुआरी आणि मांडवी दोन्ही ओलांडून, ट्रॅफिक लागला तर जाण्यायेण्यातच दिवस संपतो. जवळ बोगमाळो बीच आहे, शांत आहे, आंघोळ-जेवण करून आरामात परत येता येतं, नाहीतर ओल्ड गोव्याला चर्च बघून या. तिथे ओला-उबरच्या भरवशावर राहू नका, गोवामाइल्सचं अ‍ॅप आधीच टाकून ठेवा किंवा टॅक्सीवाल्याशी येण्याजाण्याचं ठरवूनच बसा. परत चढायची वेळ कागदावर लिहून खिशात ठेवा आणि त्याच्या दीड तास आधी बंदराकडे निघा. जहाज कुणासाठी थांबत नाही, खरंच नाही. म्हणून उतरताना ओळखपत्र आणि थोडे पैसे प्रत्येकाच्या अंगावर हवेत, रूममध्ये नकोत, कोणी राहिलंच मागे तर निदान ट्रेन पकडून घरी येईल. लक्षद्वीपचं ठरलंत तर दोन गोष्टी, तिथे जायला भारतीयांनाही परमिट लागतं ते बुकिंग करताना कोण काढणार विचारा, आणि मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही, छोट्या बोटीने नेतात, लाटा असल्या तर ते रद्द होतं. पूर्ण पैसे भरून बेट लांबूनच बघायची तयारी असेल तर जा.

आईचं. तिला "काही होत नाही गं" म्हणून उडवू नकोस, तिच्या प्रश्नाला खरं उत्तर आहे. २०१२ च्या १३ जानेवारीला इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया नावाचं जहाज खडकावर आपटलं, ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या कित्येक प्रवाशांची सुरक्षेची ड्रिल झालीच नव्हती, तेव्हाच्या नियमात चोवीस तासांत कधीही केली तरी चालायचं. त्यानंतर नियम बदलला, आता जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्यासुटल्या लगेच ड्रिल करावीच लागते. तेव्हा ती ड्रिल टाळून पूलकडे पळायचं नाही, आपल्या कार्डावर जमायची जागा लिहिलेली असते तिथपर्यंत स्वतः चालत जाऊन बघायचं, जिन्याने, लिफ्टने नाही. सात छोटे भोंगे आणि एक लांब म्हणजे तिकडे निघायचं. पोहता येत नाही तर लाइफ जॅकेट कसं बांधायचं ते एकदा स्वतःच्या हाताने करून बघ, आणि पूलमध्ये उतरशील तर खोली विचारून. जहाजावर डॉक्टर असतो पण त्याचे पैसे वेगळे, म्हणून प्रवासाचा विमा काढा, फार महाग नसतो. आईला जहाजाचं नाव, तुझा रूम नंबर, कंपनीचा फोन, सोबतच्या दोघांच्या घरचे नंबर लिहून दे, आणि अमुक वेळ ते अमुक वेळ फोन लागणार नाही हे आधीच सांग, नाहीतर ती रात्रभर जागी. बोट मुंबई बंदरातल्या बॅलार्ड पियरहून सुटली की दक्षिणेला जाते, मुंबई उजव्या हाताला राहते, गेटवे, ताज, कुलाबा, मग टोकाला प्रॉन्ग्सचं दीपगृह. तोपर्यंत रेंज असते. तिथून आईला एक फोटो पाठव आणि मग फ्लाइट मोड.

पोचायचं कसं हे पुण्यावरून येणाऱ्यांसाठी सांगते, शनिवारी सकाळी खंडाळ्याच्या घाटात गाडी घालून बंदर गाठायचा जुगार खेळू नका. आदल्या रात्री मुंबईत कुणाकडे तरी पथारी टाका, नाहीतर सकाळची ट्रेन, सीएसएमटीहून बॅलार्ड पियर टॅक्सीने दहा मिनिटांवर आहे. वेब चेक-इन घरून करा. मोठ्या बॅगा खालीच घेतात आणि रूममध्ये येईपर्यंत कधी कधी संध्याकाळ होते, म्हणून गोळ्या, आधार, चार्जर, पोहायचे कपडे, एक टीशर्ट हे सगळं पाठीवरच्या सॅकमध्ये. इस्त्री, किटली, मेणबत्त्या, स्वतःची बाटली हे तपासणीत काढून घेतात. प्लग कमी असतात, चार जणींत एक यूएसबीचा चार्जिंग डबा न्या.

पैसे भरायच्या आधी रद्द करायच्या अटी वाच, किती दिवस आधी किती कापतात ते ग्रुपवर टाक आणि प्रत्येकाकडून "वाचलं" असं उत्तर घे. कारण कुणाची तरी रजा शेवटच्या आठवड्यात रद्द होणारच, आणि एका रूममधून एकजण कमी झाला की दुसऱ्याचं भाडं वाढू शकतं.

आणि हो, परतीच्या आदल्या रात्री बॅगा भरून दाराबाहेर ठेवायला सांगतात, त्या थेट मुंबईत बंदरावर मिळतात. त्याआधी सकाळी घालायचे कपडे आणि चपला बाजूला काढा. दर खेपेला दोन-चार जण पायजम्यात आणि रूममधल्या सपातांत बॅलार्ड पियरला उतरतात.